कोकमाचे फोटो स्वतःच जमवताना

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील आमच्या गावी कोकमाची सोले (वाळवलेल्या साली), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कोकम सरबत, आंबापोळी, फणसपोळी आणि कुळथाचे पीठ असा आमचा लहानसा घरगुती व्यवसाय आहे. उत्पादन थोरल्या जाऊबाई पाहतात, त्यांना मी घरातल्या रीतीप्रमाणे वहिनी म्हणते. माझ्याकडे हिशेब, कुरिअर आणि समाजमाध्यमांवरची प्रसिद्धी ही कामे आहेत. गिऱ्हाईक मुख्यतः मुंबई, ठाणे आणि पुण्याचे, आणि त्यातही बरेचसे मूळचे कोकणातलेच. इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सॲप स्टेटस यांवर आठवड्याला दोन पोस्ट टाकायच्या म्हटल्या तरी वर्षाला शंभराच्या वर फोटो लागतात, आणि ते आणायचे कुठून हा प्रश्न प्रसिद्धीचे काम अंगावर घेतल्याबरोबर माझ्यासमोर उभा राहिला.

सुरुवातीला मी इतर विक्रेते काय वापरतात ते पाहिले. कोकम सरबताचा एक ठरावीक फोटो पुन्हा पुन्हा दिसत होता: उंच काचेचा पेला, त्यात लालभडक पेय, बर्फाचे मोठे खडे आणि वर पुदिन्याची पाने. आमच्या भागात कोकम सरबतात जिरेपूड आणि मीठ घालतात. पुदिना घातलेला मी तरी कोणाच्या घरी पाहिलेला नाही. तो पेला बहुधा कुठल्या तरी वेगळ्याच पेयाचा असावा. दादरला किंवा डोंबिवलीला राहणाऱ्या, पण मे महिन्यात आजोळी रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडलेल्या माणसाला हा फोटो दाखवून आपला माल घरचा आहे असे सांगणे मला विचित्र वाटले. म्हणून वहिनींशी बोलून आम्ही एवढेच ठरवले की, जो फोटो कोणी, कुठे आणि कधी काढला हे आपल्याला सांगता येईल, तोच वापरायचा.

तरीही मोफत फोटोंचे साठे मी धुंडाळले, कारण काही गोष्टींचे, उदाहरणार्थ कोकमाच्या फुलाचे किंवा बीच्या आडव्या छेदाचे, चांगले फोटो आपल्याला काढता येतील असे वाटत नव्हते. २०१३ पासून चालू असलेल्या अनस्प्लॅशसारख्या साठ्यांवर फोटो व्यवसायासाठी विनाशुल्क वापरता येतात आणि श्रेय देण्याची सक्तीही नसते. मात्र फोटोत दिसणाऱ्या माणसाची संमती किंवा एखाद्या बोधचिन्हाचा हक्क त्या परवान्यात येत नाही, आणि तोच फोटो उद्या शेजारच्या तालुक्यातल्या विक्रेत्याच्या पानावरही दिसू शकतो. कोकम म्हणून शोधले की तेथे मँगोस्टीन, आलुबुखार आणि कधी कधी डाळिंबही समोर येत असे. मँगोस्टीनचे तरी समजू शकते, कारण ते कोकमाच्याच गार्सिनिया प्रजातीतले फळ आहे. पण विक्रीच्या पोस्टवर ते चालणार नाही.

२००४ साली सुरू झालेल्या विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्याच संस्थेच्या खुल्या फोटोसाठ्यावर, परिस्थिती बरी आहे. तेथे वनस्पतीच्या शास्त्रीय नावाने, म्हणजे गार्सिनिया इंडिका असे शोधले की खरोखरीचे कोकम मिळते. अडचण परवान्यांची येते, आणि ते परवाने एकदा शांतपणे वाचावेत असे मी प्रत्येक लहान व्यावसायिकाला सांगेन. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात, म्हणजे आपले काम काही अटींवर इतरांना वापरू देण्याच्या ठरावीक परवान्यात, अव्यावसायिक वापराची अट असेल तर तो फोटो आपल्याला चालत नाही; पोस्टमध्ये किंमत लिहिलेली नसली तरी पान दुकानाचे आहे हे विसरता येत नाही. अशी अट असलेले फोटो इतर संकेतस्थळांवर पुष्कळ आढळतात. कॉमन्सवर व्यावसायिक वापराला मुभा असलेलेच ठेवतात. केवळ श्रेयाची अट असेल तर छायाचित्रकाराचे नाव, परवान्याचे नाव आणि शक्य तेथे दुवा देऊन फोटो वापरता येतो. समान वितरणाची अट मात्र बारकाईने पाहावी लागते, कारण त्या फोटोत बदल करून, त्यावर आपली अक्षरे आणि नक्षी चढवून नवे चित्र तयार केले, तर तेही त्याच परवान्याखाली खुले करावे लागते. आम्ही कोकमाच्या फुलाचा असा एक फोटो कसलाही बदल न करता, श्रेयासह, माहितीच्या पोस्टसाठी वापरला आणि या मार्गाचा उपयोग तेवढ्यापुरताच ठेवला.

संगणकाकडून चित्र तयार करून घेण्याचा पर्यायही पुतण्याने दाखवला. चित्रे देखणी होती, पण सोलकढी स्ट्रॉबेरीच्या दुधासारखी दिसत होती आणि झाडाला लागलेले रातांबे एकसारख्या आकाराचे, कुठेही डाग नसलेले होते. फोटोखाली ‘ही तुमचीच बाग का?’ असे विचारणारी गिऱ्हाईके आमच्याकडे असल्यामुळे तो विषय तेथेच संपला.

मग उरला स्वतः फोटो काढण्याचा मार्ग. त्यात सगळ्यात मोठी अट हंगामाची असते, हे शहरात व्यवसाय करणाऱ्याच्या चटकन लक्षात येणार नाही. साबण किंवा मेणबत्त्या विकणारा माणूस मनात आले त्या दिवशी फोटो काढू शकतो. रातांबे आमच्याकडे साधारणपणे एप्रिल आणि मे महिन्यांत पिकतात आणि पाऊस सुरू झाला की सोले वाळवण्याचे काम थांबते. त्यात वळवाचा पाऊस लवकर आला तर हंगाम आणखी आखडतो. आंबापोळी, म्हणजे आंब्याचे साट, मेमध्येच, कारण त्याला कडक ऊन लागते. फणसपोळीचेही तेच. कुळीथ थंडीच्या शेवटी हाती येतो. याउलट विक्री वर्षभर चालते आणि गणेशचतुर्थीच्या आधी तर सगळ्यात जास्त होते. तेव्हा बाहेर धो धो पाऊस असतो, झाडावर एकही फळ नसते आणि खळ्यात शेवाळ धरलेले असते. म्हणजे भाद्रपदातल्या पोस्टचे फोटो वैशाखातच काढून ठेवायला हवेत. त्यासाठी मी मार्चमध्येच एका वहीत उत्पादनांची नावे लिहिली आणि प्रत्येकाखाली झाड, फळ, काम, तयार माल, ताटातला पदार्थ अशा जागा सोडल्या. हंगाम चालू असताना रोज संध्याकाळी ती वही उघडून काय राहिले ते पाहायचे.

हे वाटते तितके सोपे नसते, कारण ज्या दिवसांत फोटो काढायचे त्याच दिवसांत घरातल्या कोणालाही क्षणाची उसंत नसते. झाडाखालचे रातांबे त्याच दिवशी गोळा करून आणायचे, धुवायचे, फोडायचे, बिया आणि गर वेगळे काढायचे, साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, संध्याकाळी पुन्हा आत घ्यायच्या. सालीला हा रसाचा पुट पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. हे सगळे चालू असताना ‘जरा थांबा, हात असा धरा’ असे कोणाला सांगण्याची सोय नसते. म्हणून मी कामाला थांबवायचे नाही आणि काहीही मुद्दाम मांडून घ्यायचे नाही, असे पथ्य पाळले. त्यामुळे बरेच फोटो हललेले आले. पण जे चांगले आले त्यांत हातांची खरी गती आहे.

सर्वांत उपयोगी पडली ती एक अगदी साधी युक्ती. पडवीच्या एका खांबाला खिळा मारून त्याला मोबाइल अडकवता येईल असा लाकडी तुकडा ठोकून घेतला आणि समोरच्या पायरीवर सालींचा एकच ताट ठेवला. रोज सकाळी एकाच वेळी, एकाच जागेवरून, त्याच ताटाचा एक फोटो. पहिल्या दिवशी साल ओली आणि चकचकीत लाल असते. रसाचे पुट बसत जातात तशी ती आक्रसते, कडा वळतात, लाल रंग जांभळ्याकडे झुकतो आणि शेवटी जवळजवळ काळा होतो. हे फोटो एकापाठोपाठ लावून टाकलेली पोस्ट आमच्या पानावर सर्वाधिक पाहिली गेली आणि ‘तुमची सोलं काळी का?’ या नेहमीच्या प्रश्नाला त्यानंतर मला वेगळे उत्तर लिहावे लागले नाही. कोणत्याही मोफत साठ्यात असा फोटो मिळण्याची शक्यता नाही, कारण तो काढायला त्या ताटाजवळ रोज उभे राहावे लागते.

रंगाचा प्रश्न मात्र मोबाइलनेच निर्माण केलेला होता. मोबाइलचा कॅमेरा समोरचे दृश्य स्वतःच मध्यम उजेडाचे करू पाहतो. चौकटभर काळी सोले असली की त्याला वाटते अंधार आहे, मग तो फोटो उजळतो आणि सोले धुरकट तपकिरी दिसू लागतात. तीच सोले पांढऱ्याशुभ्र ताटलीत ठेवली तर ताटलीच्या उजेडाला दबून ती नुसता काळा गोळा होतात, सुरकुत्या दिसत नाहीत. उपाय असा की पडद्यावर सोलांवर बोट ठेवायचे आणि बाजूला येणारी उजेडाची खूण किंचित खाली ओढायची. शिवाय पार्श्वभूमी पांढरी न घेता केळीचे पान, जुना पाट किंवा लाल कोब्याची जमीन घ्यायची. एका फोटोत मी संगणकावर लाली थोडी वाढवली होती, तो पाहून वहिनी म्हणाल्या, ‘‘जा काळा आसा, ता काळाच दिसाक होया.’’ हे वाक्य आता आमच्याकडे नियमासारखे आहे, आणि धंद्याच्या दृष्टीनेही ते बरोबर आहे, कारण फोटोत लाल दिसलेला माल पाकिटातून काळा निघाला तर गिऱ्हाईक जुना माल पाठवला असे समजते.

सरबताची गोष्ट उलट आहे. ते समोरून उजेड टाकून काढले तर गढूळ लाल दिसते. उजेड पेल्याच्या मागून आला की आतला रंग उजळून निघतो. पडवीच्या कठड्यावर सकाळच्या उन्हात पेला ठेवायचा आणि पेल्याच्या पाठीमागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही एवढाच, पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा तिरका उभा करायचा. सोलकढीला हे चालत नाही, ती अपारदर्शक असते; तिला बाजूने येणारा मऊ उजेड लागतो, आणि फोटोही वाढल्याबरोबर काढावा लागतो, कारण थोडा वेळ गेला की नारळाचे दूध वर येऊन थर दिसू लागतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली तिच्या गुलाबी रंगावर हिरवट छटा येते, म्हणून स्वयंपाकघरात फोटो काढणे मी बंद केले. कौलारू घराच्या पडवीत आठ ते साडेनऊच्या दरम्यान जो उजेड असतो, तो कोणत्याही भाड्याच्या दिव्यांपेक्षा खाण्याच्या पदार्थांना मानवतो असे माझे मत आहे. ऊन चढले की पातळ पांढरा पंचा दोरीवर ताणून त्याच्या सावलीत काम भागवता येते. आणि फोटो काढण्यापूर्वी मोबाइलची भिंग पुसावी. स्वयंपाकघरातल्या तेलकट बोटांचा थर त्यावर कायम असतो आणि ‘मोबाइल जुना झाला, फोटो धूसर येतात’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा तोच असतो.

फोटो काढू लागल्यावर कामाच्या जागेकडेही नव्याने पाहावे लागले. पूर्वापार सोले चटईवर किंवा जुन्या धुतलेल्या साडीवर वाळत घालण्याची पद्धत आहे आणि त्यात आम्हाला वावगे वाटत नसे. परंतु फोटोत ती साडी, तिच्या शेजारून जाणारी कोंबडी आणि कडेची माती एका नजरेत दिसत होती. कोंबडी चौकटीबाहेर ठेवून फोटो काढणे सहज शक्य होते. वहिनींनी त्याऐवजी स्टीलचे ताट, वरून जाळी आणि खाली उंच मांडणी करून घेतली आणि मग मला फोटो काढायला सांगितले. एरवी प्रसिद्धीच्या कामावर उत्पादन करणाऱ्यांचा फारसा विश्वास नसतो. आमच्याकडे तो येथून बसला.

माणसांच्या फोटोंविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. रातांबे फोडायला गावातल्या बायका रोजावर येतात. त्यांचे चेहरे, हसणे, आपसातल्या गप्पा हे सगळे फोटोत फार सुरेख येते आणि घरगुती व्यवसायाला असे फोटो हवेहवेसे वाटतात. पण रोजावर आलेल्या बाईला मालकिणीने ‘फोटो काढू का?’ असे विचारले तर ती नाही कसे म्हणणार? म्हणून विचारण्याचे काम मी हंगाम सुरू होण्यापूर्वी, तिच्या घरी जाऊन, काम आणि फोटो यांचा संबंध नाही असे सांगून केले. एक काकी स्पष्ट म्हणाल्या, ‘‘माझो फोटो नको गो, रातांब्यांचो काढ.’’ दुसरीने फक्त हात चालतील असे सांगितले; रसाने जांभळे झालेले तिचे हात हा आता आमचा सर्वांत ओळखीचा फोटो आहे. तिसरीला मात्र चेहऱ्यासकट फोटो हवा होता, कारण मुंबईतल्या मुलाला तो पाहायचा होता. आणखी एकीने होकार दिला होता, पण फोटो टाकल्यावर नात्यातल्या कोणी काही बोलले आणि तिने तो काढून टाकायला सांगितले. तो त्याच दिवशी काढला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क मान्य केलेला आहे, पण कायदा नसता तरी गावात राहून दुसरे काही करता आले नसते. फोटोसाठी वेगळे पैसे द्यावेत का, यावर घरात मतभेद होते. मी द्यावेत या मताची होते आणि शेवटी ज्यांचे फोटो वापरले त्यांना हंगामाच्या अखेरीस वेगळी रक्कम दिली. मुलांचे फोटो मात्र आम्ही घेत नाही. सुट्टीत आलेली घरातली मुले हौसेने रातांबे फोडायला बसतात, पण तो फोटो पाहणाऱ्याला हौस दिसेलच असे नाही.

तसाच एक निर्णय गणपतीच्या बाबतीत झाला. चतुर्थीच्या पोस्टसाठी आमच्याच घरच्या गणपतीचा, वरच्या माटवीसकट (मूर्तीच्या वर टांगलेली, फळे-पाने बांधलेली लाकडी चौकट), फोटो वापरावा असे मी सुचवले होते. सासूबाईंनी नकार दिला. देवाच्या फोटोवर पाकिटाची किंमत लिहिलेली त्यांना नको होती. मग माटवीला बांधायच्या रानफळांचा, ती सुपात काढून ठेवलेली असताना, फोटो घेतला. तो मूळ कल्पनेपेक्षा चांगला ठरला.

पाकिटांच्या फोटोंसाठी मात्र आम्ही जिल्ह्यातल्याच एका व्यावसायिक छायाचित्रकाराला बोलावले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर, लेबलवरचे प्रत्येक अक्षर वाचता येईल असा, चकाकी नसलेला फोटो काढणे हे कसबाचे काम आहे आणि माझ्याकडून ते नीट होत नव्हते. येथे कायद्याची एक गोष्ट समजून घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती; परंतु मोबदला देऊन, एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. छायाचित्रकारांची समजूत पुष्कळदा याच्या उलट असते आणि दोघांचीही समजूत न बोलता तशीच राहिली की पुढे वाद होतो. आम्ही एका पानावर साधे लिहून घेतले: फोटो आमचे, मूळ फाइल आम्हाला मिळणार, आणि त्याला आपल्या कामाचा नमुना म्हणून ते दाखवता येतील. त्याने हे आनंदाने मान्य केले. लेबल बदलले की असे फोटो बाद होतात हेही ध्यानात ठेवावे लागते. पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन आणि हिरवे चिन्ह असते. वजन बदलले आणि जुना फोटो पानावर राहिला तर ती चुकीची माहिती ठरते.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यामुळे त्या मानांकनाचे बोधचिन्ह फोटोवर चढवावे अशी सूचना एका हितचिंतकाने केली. पण त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती होईपर्यंत आम्ही ते चिन्ह वापरत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता या कोकमाच्या सुधारित जातीच्या, फळांनी लगडलेल्या कलमाचा फोटोही असाच दूर ठेवला. आमची झाडे जुनी, रोपांपासून वाढलेली, उंच आहेत आणि त्यांचे रातांबे लहान-मोठे असतात. आमच्या फोटोत ते तसेच दिसतात.

गिऱ्हाइकांनी पाठवलेले फोटो हा या सगळ्यात अनपेक्षित झरा निघाला. ठाण्याच्या एका बाईंनी आमच्या आगळाच्या सोलकढीची वाटी, शेजारी तळलेले बांगडे, असा स्टेटस ठेवला होता. स्वयंपाकघराची खिडकी, फरशी, वाटीचा पोचा सगळे खरे होते. असा फोटो दिसला की मी आधी लेखी विचारते: फोटो आमच्या पानावर वापरू का, नाव लिहू की नको, केवळ एका पोस्टसाठी की पुढेही? एखाद्याने आपल्या पोस्टमध्ये आमच्या पानाचा उल्लेख केला म्हणजे फोटो वापरायची परवानगी दिली असा अर्थ बरेच लोक काढतात. तो योग्य नाही. होकार आला की मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची विनंती करते, कारण व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि तारखेसारखी त्यातली माहितीही निघून जाते. आडव्या फोटोंचा मात्र मोह टाळावा लागतो. इन्स्टाग्रामवर उभी चौकट जास्त जागा घेते, उदाहरणार्थ १०८० बाय १३५० बिंदूंची (पिक्सेल). त्यामुळे आपण काढतानाच मोबाइल उभा धरून आणि वर थोडी रिकामी जागा सोडून काढला तर पुढे मजकूर लिहिताना पदार्थ कापावा लागत नाही.

जुन्या पेटीतून एक फोटो मिळाला, त्याची हकिगत वेगळी. आजेसासूबाई खळ्यात बसून रातांबे फोडत आहेत, शेजारी बांबूच्या टोपल्या आहेत. तो मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या एका नातेवाइकाने आपल्या कॅमेऱ्यावर काढला होता. ते आता हयात नाहीत. फोटो आमच्या घरात, फोटोतली व्यक्ती आमच्या घरची, म्हणून हक्कही आमचा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण फोटोचा हक्क काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो आणि वारसांकडे जातो. त्यांच्या मुलीला फोन केला. तिने परवानगी तर दिलीच, शिवाय वडिलांच्या कपाटातल्या निगेटिव्ह शोधून देते असेही सांगितले. त्यांपैकी काहींत आमच्या जुन्या घराचा, कौले बदलण्यापूर्वीचा, दर्शनी भाग आहे.

स्वतःचे फोटो असण्याचा आणखी एक उपयोग दुसऱ्या हंगामात कळला. एका शहरी विक्रेत्याच्या पानावर आमचा ताटाचा फोटो, आमचे नाव कापून, त्याच्या मालासाठी वापरलेला एका गिऱ्हाइकाने दाखवला. गुगल लेन्सवर तो फोटो टाकून शोधले तेव्हा आणखी एका ठिकाणी तो सापडला. मूळ फाइल तारखेसकट आमच्याकडे होती, त्याच ताटाचे आदल्या आणि दुसऱ्या दिवशीचे फोटोही होते, त्यामुळे तो आमचा आहे हे सिद्ध करण्यात अडचण आली नाही. आधी विक्रेत्याला सभ्य शब्दांत लिहिले, उत्तर आले नाही, म्हणून इन्स्टाग्रामवरचा कॉपीराइट तक्रारीचा अर्ज भरला आणि पोस्ट हटवली गेली. फोटोवर मोठ्या अक्षरांत आडवे नाव छापावे असे त्यानंतर पुतण्याचे म्हणणे होते. मला ते आवडत नाही. पदार्थ दिसण्याऐवजी मालकी दिसते. कोपऱ्यात लहान नाव पुरे, आणि मूळ फाइल जपणे महत्त्वाचे.

त्या जपण्यासाठी वही आहेच. प्रत्येक फोटोसमोर तारीख, कोणी काढला, फोटोत कोण आहे, संमती कशी मिळाली आणि तो कुठे कुठे वापरला, हे मी लिहिते. मूळ फाइली महिन्यानुसार वेगळ्या ठेवून त्यांची एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक नणंदेकडे पुण्याला असते. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट या दोन्हींचा भरवसा नसल्यामुळे चतुर्थीपर्यंतच्या पोस्ट मे अखेरीसच तयार करून ठेवाव्या लागतात.

वहीत सध्या एकच जागा रिकामी आहे, ती कोकमाच्या मुठेलाची. वाळलेल्या बिया फोडून, आतला मगज कुटून, पाण्यात उकळून वर आलेला स्निग्धांश काढून घेतात. तो थंड झाला की घट्ट होतो आणि भेगाळलेल्या टाचांसाठी त्याला चांगली मागणी असते. हे काम शेजारच्या वाडीतल्या एक आजी करतात, तेही चुलीवर, अंधाऱ्या मागीलदारी, जेथे माझा मोबाइल काहीच टिपू शकत नाही. चूल अंगणात मांडायला त्या तयार आहेत, पण पाऊस पूर्ण उघडल्यावर आणि भातकापणी आटोपल्यावर. तोपर्यंत मुठेलाच्या पोस्टवर आम्ही फक्त त्याच्या गोळ्याचा फोटो वापरत आहोत.